फायरवॉल बंद करून "झालं बघा चालू" म्हणणाऱ्या सपोर्टवाल्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पत्र कुणाला आहे ते आधीच सांगून टाकतो, नायतर वाचून झाल्यावर "हे आमच्यासाठी नाय ओ, त्या दुसऱ्यांसाठी" असं सगळेच म्हणणार. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पार विटा-जतपर्यंत आडत दुकानात, मेडिकलात, पतसंस्थेत, दूध डेअरीत जाऊन जे कोण हिशोबाचं नायतर बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतात आणि वर्षाच्या देखभालीची एएमसी घेऊन फोनवर सपोर्ट देतात, त्या समस्त मंडळींना हे पत्र. पोरांना थोडं, आणि पोरांना गाडीवर पिटाळणाऱ्या त्यांच्या मालकांना जरा जास्त.

मी हार्डवेअर आणि नेटवर्किंगवाला. विश्रामबागेकडं छोटं दुकान आहे. तुम्ही सॉफ्टवेअर चालू करून गेला की पुढं मशीनला काय बी झालं तरी फोन मला येतो, त्यामुळं तुम्ही मागं काय काय करून ठेवलंय ते मला रोज दिसतं. तुमच्यातल्या निम्म्यांबरोबर चहा प्यालोय, वैर काय नाय. पण एक गोष्ट आता डोक्यावरनं पाणी गेल्यासारखी झालीय म्हणून लिहितोय.

तुमचा मंत्र मला पाठ झालाय. सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवरनं उघडंना की फायरवॉल, म्हंजे नेटवर्कवरनं मशीनमधे येणाऱ्यांना अडवणारा राखणदार, ऑफ. तरी उघडंना की युजरला ॲडमिन करा, म्हंजे मशीनवरचे सगळे हक्क देऊन टाका. तरीबी नाय झालं की फोल्डर शेअर करून एव्हरीवनला फुल कंट्रोल. मग चालू होतं. होणारच की, घराची सगळी दारं-खिडक्या काढून टाकल्यावर आत कोण अडकणार? "झालं बघा चालू काका" म्हणून सही घ्यायची आणि पुढचा कॉल. ती दारं परत बसवायला कोण येतंय?

मागच्या हळदीच्या सीझनची गोष्ट सांगतो. मार्केट यार्डातलं एक आडत दुकान, नाव सांगत नाय. सोमवारी सकाळी साडेआठला मुनीमकाकांचा फोन. "आवो, फायलींची नावं सगळी बदलल्यात, आणि इंग्रजीत एक चिठ्ठी आलीय, बघा की जरा." चिठ्ठी म्हटल्यावरच माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं काका, काय वाचू नका, काय दाबू नका, पहिलं त्या काळ्या डब्यातनं नेटच्या वायरी उपसा, सगळ्या मशीनच्या. ते म्हणाले सौदे चालू हायत, शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या कशा काढू? म्हटलं आज हातानं काढा.

मी पोचलो तवर बाहेर बोली चाललेली, हमाल पोती ओढतायत, आणि आत सहा मशीनं गप्प. सातवं ज्याला ते लोक सर्व्हर म्हणतात, म्हंजे साधाच डेस्कटॉप, फक्त त्याला वेगळा यूपीएस म्हणून तो सर्व्हर. कॅबिनेट उघडलं तर फॅनवर हळदीचा पिवळा थर, बोटानं नाव लिहिता येईल एवढा. डिस्क काढून माझ्या मशीनला लावली आणि बघत बसलो. रोजमेळ, शेतकऱ्यांची खाती, खरेदीदारांची उधारी, आडत-तोलाई-हमालीचा सगळा हिशोब, एकूणएक फाईल लॉक. रॅन्समवेअर म्हणतात त्याला, फायली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम. चिठ्ठीत डॉलरमधे पैसे मागितलेले आणि मुदत दिलेली.

आता आत काय सापडलं ते सांगतो. फायरवॉल तिन्ही प्रोफाईलला बंद, डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक, तिन्ही लाल. ते येस-नो विचारणारं यूएसीचं स्लायडर पार तळाला. सहाच्या सहा युजर ॲडमिन, चहा देणारा पोरगा ज्याच्यावर गाणी लावतो तोबी ॲडमिन. डी ड्राइव्ह अख्खा शेअर, एव्हरीवन, फुल कंट्रोल. आणि वर कहर म्हंजे राउटरमधनं रिमोट डेस्कटॉप, म्हंजे लांबनं हे मशीन चालवायची सोय, बाहेर इंटरनेटला काढून दिलेला, का तर मालकाला घरनं बघायचं असतं आणि तुम्हाला दुकानातनं उठायचं नसतं. त्याचं मूळ पोर्ट, म्हंजे नेटवर्कवरनं आत यायच्या दाराचा नंबर, ३३८९, ते बदलून दुसरंच ठेवलेलं, "बदललंय, आता सेफ आहे" म्हणून. ओ, पोर्ट बदलणं म्हंजे घराचा नंबर पुसणं झालं, दार उघडंच आहे की. सगळ्या पोर्टांवर टकटक करत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना नंबर लागत नाय.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हंजे विंडोजची नोंदवही, उघडला. सिक्युरिटी लॉगमधे ४६२५ नंबरच्या नोंदी, म्हंजे चुकलेलं लॉगिन, पानंच्या पानं, स्क्रोल करून बोट दुखलं. आणि मग रविवारी पहाटे दोन चाळीसला एक ४६२४. लॉगिन झालं. कुठल्या अकाउंटनं? तर सपोर्टच्या. तुमच्याच पोरानं स्वतःच्या सोयीसाठी बनवलेलं ॲडमिन अकाउंट, पासवर्ड तोच जो तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांकडं ठेवता. इथं लिहीत नाय, कारण तो अजून निम्म्या सांगलीत चालतोय.

बॅकअप होता का? होता की. त्याच डी ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमधे. आणि एक बाहेरची हार्डडिस्क, जी लावल्यापासनं कधी काढलेलीच नाय, निळा दिवा रात्रंदिवस लुकलुक. ती पण लॉक. विंडोज स्वतः ज्या जुन्या कॉप्या ठेवतं त्यासुद्धा उडवलेल्या, कारण ॲडमिनला ते एका कमांडमधे करता येतं.

वाचलं कशामुळं तर मुनीमकाकांच्या पेनड्राइव्हमुळं. अमावास्येला काम कमी असतं म्हणून त्या दिवशी ते बॅकअप घेऊन पेनड्राइव्ह तपकिरीच्या डबीशेजारी ड्रॉवरमधे टाकतात, कुणी सांगितलेलं नाय, सवय. तो तेवीस दिवस जुना निघाला. पुढचे तेवीस दिवस कागदी पट्ट्यांच्या कार्बन कॉप्यांवरनं परत भरले, दोन अकाउंटवाल्या मुली आणि काकांचा नातू, नऊ दिवस रात्री दहापर्यंत. त्या नऊ दिवसात जतकडचा एक शेतकरी तीनदा येऊन गेला, माझी पट्टी किती झाली सांगा म्हणून, घरात लग्न होतं त्याच्या. तुमच्या पोराचा तो कॉल वीस मिनिटात संपलेला, एवढं फक्त ध्यानात घ्या.

पैसे दिले नाहीत. सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. पुढं काय व्हायचं ते होईल.

आता मला कळतंय तुम्ही हे का करता. हौस म्हणून कोण करत नाय. मालक मागं उभा असतो, गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं, ऑफिसमधनं फोन येतो की झालं का, पुढचा कॉल तासगावला आहे. पण माझं म्हणणं असं की ज्याच्यामुळं सॉफ्टवेअर चालंना झालेलं असतं ते कारण दर वेळी तीन-चारातलंच एक असतं, आणि त्या प्रत्येकाला फायरवॉल न पाडता उत्तर आहे. मी बघितलेलं सांगतो.

सगळ्यात जास्त वेळा काय होतं, तर राउटर बदलतो. नेटवाल्यानं नवीन फायबर ओढली, नवीन डबा लावला, की विंडोज म्हणतं हे नवीन नेटवर्क दिसतंय, आणि त्याला पब्लिक धरतं, म्हंजे एसटी स्टँडवरचं वायफाय समजून सगळं येणंजाणं अडवून ठेवतं. काल चालणारं शेअरिंग आज बंद. तुम्ही जाता, फायरवॉल ऑफ करता, चालू होतं, आणि तुमची खात्री पटते की फायरवॉलच भिकार. अरे पण सेटिंगमधे जाऊन ते नेटवर्क पब्लिकचं प्रायव्हेट केलं असतं तर? दोन क्लिक. मी मोजल्यात.

दुसरं म्हंजे ती खिडकी. प्रोग्राम पहिल्यांदा नेटवर ऐकायला लागला की विंडोज विचारतं, याला अलाऊ करू का? अकाउंटवाली मुलगी घाबरून कॅन्सल दाबते, बिचारीचा काय दोष. पण कॅन्सल दाबलं म्हंजे विषय संपला असं नसतंय, विंडोज त्या प्रोग्रामच्या नावानं ब्लॉकचा रूल लिहून ठेवतं. मग तुम्ही येता, शिकलेले असता म्हणून पोर्टचा अलाऊ रूल टाकता, तरी चालंना. टाळकं फिरतं. का चालंना? कारण ब्लॉक हा अलाऊच्या वर असतो, दोन्ही असले तर ब्लॉकच जिंकतो. ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीवाल्या खिडकीत इनबाउंडच्या (आत येणाऱ्यांच्या) यादीत लाल खूण असलेला तो रूल गप बसलेला असतो, तो उडवला की झालं. हे मला कळायला दोन वर्षं लागलेली, तुम्हाला फुकट देतोय.

तिसरं लई गमतीदार आहे. तुमचं सॉफ्टवेअर "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" केलं की झेड ड्राइव्ह, म्हंजे सर्व्हरवरचं जोडून घेतलेलं फोल्डर, गायब. फाईल एक्सप्लोररमधे दिसतो, सॉफ्टवेअरमधे दिसत नाय. मग यूएसीच बंद करता. आतली गोम अशी की ॲडमिन माणूस लॉगिन झाला की विंडोज त्याची दोन ओळखपत्रं बनवतं, एक साधं, एक पॉवरवालं. दिवसभराचं काम साध्या कार्डावर चालतं, आणि स्क्रीन काळवंडून येस-नो आलं आणि येस दाबलं की तेवढ्या प्रोग्रामपुरतं पॉवरवालं कार्ड. झेड ड्राइव्ह जोडलेला असतो साध्या कार्डाला, म्हणून पॉवरवाल्याला तो दिसत नाय. बिघाड नाय तो. उपाय काय, तर सॉफ्टवेअरला ॲडमिन म्हणून चालवायचंच नाय.

"पण ॲडमिनशिवाय ते चालतच नाय." मग चौथ्याकडं या. का चालत नाय? कारण ते स्वतःचा डेटा प्रोग्राम फाइल्समधे स्वतःच्याच फोल्डरात लिहितं. साध्या युजरला तिथं लिहायला बंदी आहे, विंडोज व्हिस्टापासनं तर ती चांगलीच जाणवते, म्हंजे २००७ पासनं. एवढी वर्षं झाली ओ! तुमच्या कंपनीला सांगा की डेटा प्रोग्रामडेटात नायतर वेगळ्या फोल्डरात ठेवा. आणि ते होईस्तोवर, त्या एकाच फोल्डरवर, त्या दुकानातल्या युजरांच्या ग्रुपला मॉडिफाय द्या. फुल कंट्रोल नाय, मॉडिफाय. फरक काय? मॉडिफायवाला लिहू शकतो, खोडू शकतो, पण परमिशन बदलू शकत नाय आणि मालकी घेऊ शकत नाय. फुल कंट्रोल म्हंजे भाडेकरूच्या नावावर सातबारा करून दिल्यासारखं.

शेअरिंगमधे पण एक घोळ असतोय. शेअरची परमिशन वेगळी आणि फोल्डरची स्वतःची, एनटीएफएस म्हणतात ती परमिशन वेगळी, आणि नेटवर्कवरनं आलं की दोन्हीतली जी कडक ती लागू होते. तुम्ही एकीकडं ढिली करता, चालत नाय, मग दुसरीकडंबी ढिली करता, आणि मग कुठली मूळची कशी होती ते कुणाच्याच ध्यानात राहत नाय.

पोर्टचं तर एवढं सोपं आहे. आमच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं, पुरांनी त्यातली बरीच गेली, पण ज्यांनी बघितल्यात त्यांना माहितीय. जमिनीखाली पोट एवढं मोठं की पोतीच्या पोती रिचवावीत, आणि वर तोंड जेमतेम माणूस उतरंल एवढं. माल काढायचा तर तोंड उघडायचं, काम झालं की परत लिंपायचं. माल काढायला वाकावं लागतंय म्हणून पेवाचं वरचं सगळं खणून काढलेलं मी तरी ऐकलं नाय. फायरवॉलमधे तेच करायचं. कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट डॅश एएनओ चालवलं की कुठला प्रोसेस कुठल्या पोर्टवर कान लावून बसलाय ते दिसतं, नंबर टास्क मॅनेजरमधे जुळवायचा, आपला प्रोग्राम सापडला की त्याच्या नावानं, त्या पोर्टपुरता, प्रायव्हेट प्रोफाईलला, आणि स्कोपमधे लोकल सबनेट टाकून एक इनबाउंड रूल. म्हंजे दुकानातलीच मशीनं बोलतील, बाहेरचं कोण नाय. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला तर विंडोज मुळात अडवतच नाय, आणि आपण बाहेर मागितलेलं उत्तर परत येताना पण अडवत नाय, म्हणून "फायरवॉलमुळं नेट चालंना" हे जे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता ते बहुतेक वेळा खोटं असतंय.

आणि कृपा करून सर्व्हिसेसमधे जाऊन फायरवॉलची सर्व्हिसच डिसेबल करू नका. फायरवॉल ऑफ करणं वेगळं आणि सर्व्हिस मारणं वेगळं. मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय की ती मारली तर स्टार्ट मेनू बंद पडू शकतो, स्टोअरमधली ॲप बसत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यातनं फोन, "स्टार्टचं बटण दाबून काय होईना, व्हायरस आलाय." गेलो तर व्हायरस कुठला, तुमचा कॉल झालेला आदल्या दिवशी.

मी काय धुतल्या तांदळासारखा आहे असं नाय हां. २००३ साली मी सायबर कॅफेत कामाला होतो, विंडोज एक्सपी नवंनवं. त्या वर्षीच्या ऑगस्टात ब्लास्टर आला, नेटवर्कवरनं आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम. नेटला जोडलं की स्क्रीनवर खिडकी, साठ सेकंदात मशीन बंद होणार, आणि उलटी मोजणी सुरू. कुठली फाईल उघडलेली नाय, कशावर क्लिक नाय, नुसतं जोडलेलं असलं की बास, १३५ नंबरच्या पोर्टातनं आपोआप आत. पॅच, म्हंजे ते भोक बुजवणारं अपडेट, डाउनलोड करायचा तर नेट पाहिजे, आणि नेट लावलं की मशीन बंद. कुणीतरी शिकवलं, रनमधे जाऊन शटडाउन डॅश ए टाक, मोजणी थांबते. ते टाकून, डायलअपवर, एकेका मशीनला पॅच उतरवत रात्र काढलेली. एक्सपीत फायरवॉल तेव्हाबी होती, फक्त बंद अवस्थेत यायची, कुणाला माहितीच नव्हती. मायक्रोसॉफ्टनं २००४ च्या ऑगस्टात सर्व्हिस पॅक दोनमधे ती चालू करून पाठवायला सुरुवात केली. आणि आम्ही काय केलं? प्रिंटर शेअर होईना म्हणून बंद केली. मी. या हातानं. म्हणून तुमच्या पोरांवर ओरडताना मला स्वतःचाच आवाज ऐकू येतो.

तेव्हा विंडोजवर पहिला युजर सरळ ॲडमिनच बनायचा आणि सगळं जग त्यावरच चालायचं, सॉफ्टवेअर लिहिणारेबी तेच गृहीत धरून लिहायचे. तुमच्या सॉफ्टवेअरची खोड तिथली आहे. बाकी ज्याला जेवढं काम त्याला तेवढाच हक्क, हे साल्टझर आणि श्रोडर या दोघा संगणक संशोधकांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. माझा जन्म नव्हता तेव्हा.

"अहो पण राउटरला आहे की फायरवॉल, मग मशीनला कशाला?" हे तर प्रत्येक जण म्हणतो. सांगलीकरांना हे मी समजावून सांगायचं म्हंजे कमाल आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं, आपण सगळ्यांनी भोगलंय. पण तुमच्या-माझ्या गल्लीत पाणी आलं ते काय पुलावरनं उडी मारून नाय आलं, नाल्यातनं, गटारीतनं, मागच्या बाजूनं फुगत आलं. दुकानाच्या पुढच्या शटरला पोती लावून बसलेल्यांच्या पायाखाली मोरीतनं पाणी. राउटर म्हंजे पुढचं शटर. मालकाच्या पोराचा लॅपटॉप, ऑडिटवाल्याचा पेनड्राइव्ह, बाहेरनं वायफायला जोडलेला कुणाचा तरी मोबाईल, ही मोरी. एक मशीन आतनं बिघडलं की त्याच्या आणि शेजारच्या मशीनच्या मधे राउटरची फायरवॉल येतच नाय, तिथं ज्याची त्याची फायरवॉलच पाहिजे.

वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर आठवत असंल, १२ मे २०१७. जगभर दवाखाने, कारखाने बंद पडलेले. तो फाईल शेअरिंगच्या ४४५ पोर्टातनं, एसएमबी या शेअरिंगच्या पद्धतीच्या जुन्या पहिल्या व्हर्जनमधल्या भोकातनं एका मशीनवरनं दुसऱ्यावर आपोआप जायचा. त्याचा पॅच त्याच वर्षी मार्चमधे येऊन पडलेला, लोकांनी टाकला नव्हता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं नवीन विंडोज १० मधे ते जुनं व्हर्जन आपोआप बसवून देणं बंद केलं. आणि तुम्ही काय करता, वजनकाट्याचं जुनं एक्सपी मशीन जोडायचंय म्हणून विंडोज फीचर्समधे जाऊन त्यावर परत टिक मारता, सगळ्या मशीनवर! मान्य आहे, काट्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाय आणि काटा बदलायचा खर्च मोठा असतो. मग ते एक मशीन बाजूला ठेवा, नेट तोडा त्याचं, आणि फक्त एकाच मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) त्याच्याशी बोलंल असा रूल करा. आता १४ ऑक्टोबर २०२५ पासनं विंडोज १० चा पण नेहमीचा सपोर्ट संपला, आणि तुमच्या एएमसीतली बरीच मशीनं त्यावरच चालतात. पॅच येणार नसतील तिथं फायरवॉल तरी जागेवर राहू द्या की ओ.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नायतर उद्या तुम्हीच मला पकडाल. युजर साधा केला म्हंजे रॅन्समवेअर येणारच नाय असं नाय. साध्या युजरला ज्या फायलींवर लिहिता येतं त्या तो लॉक करणारच, त्याला ॲडमिन लागत नाय. पण त्याला विंडोजच्या जुन्या कॉप्या उडवता येत नाहीत, अँटिव्हायरस बंद करता येत नाय, बाकीच्यांचे पासवर्ड मेमरीतनं उपसून शेजारच्या मशीनवर जाता येत नाय. म्हंजे आग लागली तर एका टेबलाला लागते, अख्ख्या दुकानाला नाय. यार्डातल्या त्या दुकानात बिलिंगच्या मुलीचं मशीन गेलं असतं तर दुपारपर्यंत चालू करून दिलं असतं मी.

लिनक्सवाले दोघंतिघं हे वाचून गालात हसत असतील, त्यांनापण सोडत नाय. मिरजेत एका प्रेसमधे उबुंटू लिनक्स आहे, चांगलं आहे, रूटचं, म्हंजे तिथल्या ॲडमिनचं, लॉगिन बंद, सुडो या कमांडनं पासवर्ड देऊनच काम. पण एका हुशारानं प्रिंटरचं फोल्डर उघडंना म्हणून परमिशन बदलायचं चीमॉड ७७७ मारलं, आणि डॅश आर लावून, आणि थेट मुळापासनं. म्हंजे सगळ्यांना सगळं. त्याच्यानं झालं काय, तर खुद्द सुडोनंच काम करायला नकार दिला, कारण त्याच्या फाईलवरची खास खूण पुसली गेलेली. ज्या किल्लीनं दुरुस्त करायचं तीच आत टाकून कुलूप लावल्यासारखं. शेवटी परत इन्स्टॉल. आणि उबुंटूची ती यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल २००८ पासनं सोबत येते पण बंदच असते, चालू तुम्हालाच करायचीय, हेबी बघून घ्या.

मालक लोकांचा दोष आहे का? आहे की, निम्मा तरी. "पासवर्ड नको, पोरं विसरतात." "सारखं येस-नो विचारतंय, ते काढा." मी त्यांना एकच विचारतो, गोडाऊनची किल्ली मुकादमाकडं, तिजोरीची तुमच्याकडं, असं का? हमालांवर विश्वास नाय म्हणून का? ते म्हणतात तसं नाय ओ, कुणाचं काय गेलं तर विचारायला एक माणूस पाहिजे. झालं तर मग, युजर वेगळे तेवढ्यासाठीच. हे मराठीत, त्यांच्या धंद्याच्या भाषेत सांगितलं की पाच मिनिटात पटतं, मी अनुभवानं सांगतोय. तुम्ही सांगतच नाय, कारण तुम्हाला निघायचं असतं.

म्हणून मालक मंडळी, तुम्हाला विनंती. पोराला एका कॉलला चाळीस मिनिटं देत असाल तर पन्नास द्या. इन्स्टॉलच्या कागदावर "सॉफ्टवेअर चालू केले" याच्याखाली अजून एक ओळ छापून घ्या, कुठला रूल टाकला, कुठल्या फोल्डरला कुणाला परमिशन दिली, आणि काम करताना काय बंद केलेलं ते परत चालू केलं का. चाचणी म्हणून दोन मिनिटं फायरवॉल बंद करून बघितली तर माझी हरकत नाय, मीपण करतो, दोष कुठं आहे ते कळतं. पण ती परत चालू केल्याशिवाय सही घ्यायची नाय. आणि तो एकच पासवर्ड आजच्या आज बदला. प्रत्येक गिऱ्हाइकाकडं वेगळा. रिमोट लागतो तर व्हीपीएनमधनं, म्हंजे इंटरनेटवरच्या खाजगी बंद वाटेनं, घ्या, नायतर गिऱ्हाईक समोर बसून परवानगी देतंय असलं काहीतरी वापरा, राउटरला भोक पाडू नका.

त्या आडत दुकानात आता काय आहे सांगतो. सर्व्हरच्या कॅबिनेटला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलाय, मुनीमकाकांच्या अक्षरात, कुठलं पोर्ट, कुठल्या कामाला, कुठल्या तारखेला उघडलं. कीर्द लिहिल्यासारखं लिहिलंय त्यांनी, वर "श्री" घालून. सहा युजर साधे. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत. मागच्या महिन्यात तुमच्यातल्याच एकाचा पोरगा अपडेट करायला गेला आणि ॲडमिन पासवर्ड मागितला. काका म्हणाले, "कशाला पायजे? कुठल्या फोल्डरला पायजे? किती वेळ लागंल?" पोरगा गडबडला, मला फोन लावला. मी फोनवरनं सांगत गेलो, त्यानं केलं, बारा मिनिटं लागली. जाताना तो कागद बघून त्यानं त्याचा मोबाईलवर फोटो काढून नेला, असं काका सांगत होते. पोरगं चांगलं आहे, त्याला ओरडू नका उशीर झाला म्हणून.

शनिवारी दुपारी तीननंतर माझ्या दुकानात गर्दी नसते. पोरांना पाठवा, दोन जुनी मशीनं मांडून ठेवतो, ब्लॉकचा रूल शोधण्यापासनं सगळं हातानं करून घेतो, पैसे नकोत, चहा माझ्याकडनं. फक्त येताना एक काम करून या. तुमच्या सॉफ्टवेअरला नेमकं कुठलं पोर्ट लागतं आणि ते डेटा कुठं लिहितं, हे कंपनीला विचारून कागदावर लिहून आणा. आजवर मी तुमच्यातल्या सात जणांना विचारलंय, एकालाबी सांगता आलं नाय.

तुमचाच,
विश्रामबागेतला वायरवाला